परदेशीं काय प्यावें?

प्रवासास निघणाऱ्या माणसाच्या शिदोरीची काळजी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाहिली गेली आहे. मुलगा अमेरिकेस जावो, सून जर्मनीस जावो, किंवा आजी-आजोबा एखाद्या यात्रा-कंपनीबरोबर युरोप पाहावयास निघोत. दशम्या, मेतकूट, भाजणी, लाडू व लोणचें यांनीं त्यांची पेटी भरते. परंतु ही मंडळी तेथें गेल्यावर पिणार काय, हा प्रश्न क्वचित्‌च कोणाच्या मनांत येतो. वास्तविक अन्नावांचून मनुष्य एखादा दिवस सहज काढील, पाण्यावांचून काढणें कठीण. आणि शिदोरी बांधून नेतां येते, तसें पाणी नेतां येत नाहीं. २००६ सालापासून तर शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलींतील द्रव पदार्थ परदेशच्या विमानांत आपल्याजवळ ठेवण्यास मनाई झाली, व पुष्कळ विमानतळांवर ती अद्याप चालू आहे. म्हणून परदेशांत निर्भयपणें व आनंदानें काय प्यावें, आणि कशास हात लावूं नये, याचा थोडा विचार आज करूं.

या सदराच्या एका वाचक भगिनीनें पत्र घालून विचारलें आहे : “आमचे मामंजी व सासूबाई प्रथमच परदेशीं निघालीं आहेत. मामंजी म्हणतात, पुढारलेल्या देशांतलें पाणी स्वच्छच असतें, त्याची चिंता नको. सासूबाई म्हणतात, परक्या ठिकाणचें मी कांहींच घेणार नाहीं, तहान मारून राहीन. दोघांपैकीं कोणाची समजूत घालावी?” माझें उत्तर असें कीं, दोघांचीहि घालावी. मामंजींचा विश्वास जितका आंधळा, तितकेंच सासूबाईंचें भयहि आंधळें आहे. डोळस मार्ग या दोहोंच्या मधून जातो, व तो फारसा कठीण नाहीं.

प्रथम एक भेद स्पष्ट करूं. आपल्या घरांत पाण्याच्या शुद्धतेचा विचार नाहीं असें कोणीहि म्हणणार नाहीं. घांसलेली कळशी, दुहेरी फडक्याचें गाळणें, सोवळ्याचें वेगळें पाणी, हें सर्व आपण पाहिलेलें आहे. परंतु शुचि आणि निर्जंतुक हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. शुचितेचा संबंध स्पर्शाशीं, स्थळाशीं व मनाच्या भावनेशीं आहे. निर्जंतुकतेचा संबंध केवळ जंतूंशीं आहे. सोवळ्यानें भरलेल्या घागरींत पटकीचे जंतु असूं शकतात, आणि रस्त्यावरील अनोळखी माणसानें दिलेला उकळता चहा सर्वस्वीं निर्धोक असूं शकतो. ज्यांना आपला आचार पाळावयाचा असेल त्यांनीं तो अवश्य पाळावा. मात्र त्या आचारानें जंतूंपासूनहि रक्षण होतें असें समजूं नये.

डोळ्यांची व जिभेची साक्षहि येथें उपयोगी पडत नाहीं. लंडनमधील सोहो भागांत १८५४ साली पटकीची भयंकर सांथ उद्भवली व सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाचें पाणी हें त्या सांथीचें मूळ असल्याचें डॉ. जॉन स्नो यांनीं घरोघर हिंडून सिद्ध केलें. हॅम्पस्टेड या दूरच्या उपनगरांत राहणारी एक विधवा बाई त्याच पंपाचें पाणी, केवळ चव आवडते म्हणून, मुद्दाम मागवून घेत असे. तिच्या आसपास पटकीचा मागमूस नसतां ती पटकीनें वारली. उलट त्या पंपाच्या अगदीं जवळ बिअरचा एक कारखाना होता; तेथील कामकऱ्यांपैकीं एकहि मेला नाहीं. त्यांना कारखान्यांतून बिअर मिळे, कारखान्याची विहीरहि स्वतंत्र होती, आणि त्या पंपाकडे ते फिरकत नसत. यावरून कोणी मद्यपानाचें समर्थन काढूं लागेल तर त्यास इतकेंच सांगावयाचें कीं, बिअर करतांना पाणी उकळावें लागतें. श्रेय जावयाचें तर तें चुलीला व त्या दुसऱ्या विहिरीला.

मग विश्वास ठेवावयाचा तो कोणावर? माझ्या मतें परदेशांत तीन साक्षीदार पुरेसे आहेत : अग्नि, मोहोर आणि साल. जें पेय उकळून आलें आहे, ज्याचें सीलबंद झांकण आपल्यादेखत फुटलें आहे, किंवा जें निसर्गानें स्वतःच्या कवचांत बंद करून ठेविलें आहे, तें खुशाल घ्यावें. ज्याच्या बाजूनें या तिघांपैकीं एकहि साक्ष देत नाहीं, त्यास नमस्कार करावा.

अग्नीची साक्ष सर्वांत श्रेष्ठ. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिटभर तसेंच उकळूं दिलें कीं रोगजंतु नष्ट होतात. साडेसहा हजार फुटांहून उंच ठिकाणीं मात्र तीन मिनिटें उकळावें, कारण हवेचा दाब कमी झाला कीं पाणी कमी उष्णतेवरच उकळतें. तिबेटांतील ल्हासा व बोलिव्हियांतील ला पाझ हीं नगरें सुमारें बारा हजार फूट उंच आहेत. तेथें ८८ अंशांच्या आसपासच पाण्यास उकळी येते. उकळून निवविलेल्या पाण्यास आपल्या वैद्यकांत ‘शृतशीत’ असें स्वतंत्र नांव आहे, ही गोष्ट सासूबाईंच्या कानांवर घालण्यासारखी आहे. उकळलेलें पाणी पिणें म्हणजे परक्यांची रीत उचलणें नव्हे.

आणि गंमत अशी कीं, निर्धोक पेय शोधूं लागावें तों आनंदाचें पेय आपोआप हातीं येतें. प्रत्येक देशानें आपापलें उकळलेलें पेय शेंकडों वर्षांत सिद्ध करून ठेविलें आहे. चीनमध्यें आगगाडींत व स्थानकांवर उकळत्या पाण्याचे नळ असतात. लोक थर्मासांत चहाचीं पानें घालून त्यांवर तें पाणी पुनःपुन्हां ओतून घेतात. सैबेरियाच्या लांब पल्ल्याच्या आगगाडींत प्रत्येक डब्याच्या टोंकाला गरम पाण्याचा बंब असतो. ज्याच्याजवळ पेला व चहाची पुडी आहे त्याची ददात मिटली. तुर्कस्थानांत कळीच्या आकाराच्या लहानशा कांचेच्या पेल्यांतून दूध न घातलेला लालबुंद चहा दिवसभर फिरत असतो. मोरोक्कोंत हिरव्या चहांत ताजा पुदिना व भरपूर साखर घालतात, आणि तो उंचावरून धार धरून ओततात. इजिप्तमध्यें ‘कारकादे’ म्हणून माणकाच्या रंगाचें आंबटगोड पेय मिळतें. तें दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचा काढा होय. तो गरम असतां जरूर घ्यावा. गार हवा असल्यास बर्फ कशाचा आहे याची चौकशी आधीं करावी. जपानांत भाजलेल्या सातूचा ‘मुगिचा’ मिळतो. त्यांत चहा-कॉफींतील उत्तेजक द्रव्य नसल्यामुळें निद्रानाश असलेल्या वडील माणसांस तो विशेष मानवतो. तेथील रस्त्यांवरील यंत्रांतून बाटलीबंद पेयें मिळतात, व त्यांत लाल पट्टीचें तें गरम व निळ्या पट्टीचें तें गार अशी सोय असते. भाषा न येणाऱ्यालाहि तेवढें पुरे.

आतां मोहोर. बाटली विकत घेतांना झांकणाखालील कडें अखंड आहे ना, आणि फिरवितांना तें कट्‌कन तुटतें ना, हें पाहावें. वापरलेल्या बाटल्या पुन्हां भरून विकण्याची विद्या केवळ आपल्याच देशांत अवगत आहे असें नाहीं. भोजनगृहांत बाटली आपल्यासमोर उघडावयास सांगावी. त्यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं. वायु भरलेलें पाणी किंवा सोडा घेतल्यास उघडतांच जो फसफसाट होतो, तोच बाटली ताजी असल्याचा पुरावा होय. ज्यांना तो वायु सोसत नाहीं, त्यांनीं शब्द लक्षांत ठेवावे : इटलींत वायुविरहित पाण्यास ‘नातुराले’ म्हणतात व जर्मनींत ‘श्टिल’. नुसतें पाणी मागितल्यास तेथें पुष्कळदां फसफसणारें पाणीच पुढें येतें, आणि आमची मंडळी तें तसेंच टाकून तहानलेलीं उठतात. ताकाची संवय असलेल्यांसाठीं तुर्कस्थानांत ‘आयरान’ आहे. दहीं, पाणी व मीठ, इतकाच त्याचा संसार. तें बंद पेल्यांतून दुकानोदुकानीं मिळतें. इराणांत त्याचाच भाऊ ‘दूघ’ या नांवानें नांदतो; आपल्या ‘दुह्’ धातूचें व त्या शब्दाचें मूळ एकच आहे, हें संस्कृत शिकलेल्यांस सांगावयास नकोच.

तिसरा साक्षीदार साल. श्रीलंका, थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम या देशांत शहाळें हें प्रवाशाचें कल्पवृक्षफळच आहे. मात्र तें आपल्यासमोर फोडून घ्यावें, त्यांतूनच प्यावें, पेल्यांत ओतून त्यावर बर्फ घालूं देऊं नये. संत्रें, मोसंबें आपल्या हातानें सोलावें. दुकानांत काढलेला रस चरक कसा धुतला, पेला कोणत्या पाण्यानें विसळला, यांवर अवलंबून असतो. कैरोंतील उंसाच्या रसाचीं दुकानें पाहून आपलें रसवंतीगृह आठवेल व जीव हुळहुळेल. तथापि जी सावधगिरी पावसाळ्यांत आपण येथील रसाविषयीं बाळगतों तीच तेथेंहि बाळगावी.

या तिन्ही साक्षीदारांना एकदम फितविणारा शत्रु म्हणजे बर्फ. थंडीनें जंतु मरत असतील ही समजूत सुशिक्षितांतहि आढळते. गोठविल्यानें जंतूंचा नाश होईलच असें मुळींच नाहीं. पुष्कळसे तग धरून राहतात व बर्फ वितळतांच पुन्हां जागे होतात. सीलबंद बाटलींतील उत्तम पेय शंकास्पद बर्फावर ओतलें कीं मोहोरेची सर्व किंमत गेली. ज्या गांवीं नळाचें पाणी पीत नाहींत, त्या गांवीं बर्फहि घेऊं नये, व दांत घासण्यासहि बाटलीचेंच पाणी वापरावें.

मामंजींच्या मताकडे आतां वळूं. पश्चिम युरोप, जपान, सिंगापूर व अमेरिकेचा बहुतेक भाग येथें नळाचें पाणी नित्य प्यावयास योग्य असतें, हें खरें आहे. फ्रान्समध्यें भोजनाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई मागितल्यास ती विनामूल्य मिळते. रोम शहरांत रस्तोरस्तीं लोखंडी तोट्यांतून पिण्याचें पाणी अखंड वाहत असतें. रिकामी बाटली जवळ बाळगणाऱ्याचे तेथें पुष्कळ पैसे वांचतात. परंतु तोटीवर ‘नॉन पोताबिले’ अशी पाटी असेल तर तें पाणी पिण्याचें नव्हे, हे दोन शब्द पाठच करून जावे. आगगाडीच्या किंवा विमानाच्या शौचकूपांतील नळाचें पाणीहि पिऊं नये. आणि समृद्धि म्हणजे अभयपत्र नव्हे. अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरांत १९९३ साली नगराच्या शुद्धीकरण केंद्रांतूनच एक सूक्ष्म परोपजीवी जंतु नळांत उतरला व सुमारें चार लक्ष लोक आजारी पडले. त्या जंतूवर क्लोरिनची मात्रा चालत नाहीं, अग्नीची चालते. त्याच देशांत १९९६ साली न तापविलेल्या सफरचंदाच्या रसानें अनेक माणसें आजारी झालीं व एक बालक दगावलें. १९९८ पासून अशा रसाच्या बाटलीवर धोक्याची सूचना छापणें सक्तीचें झालें. म्हणून लहान नातवंडांसाठीं रस घेतांना ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द पाहूनच घ्यावा.

शाकाहारी व मद्य न घेणाऱ्या कुटुंबांसाठीं शब्दांचे कांहीं सापळे सांगणें जरूर आहे. इंग्लंडमध्यें ‘सायडर’ म्हणजे सफरचंदाचें मद्य. अमेरिकेंत तोच शब्द बहुधा साध्या रसासाठीं योजितात, व मद्य असल्यास ‘हार्ड सायडर’ म्हणतात. अमेरिकेंतील ‘रूट बिअर’ नांवानें बिअर असली तरी सामान्यतः निर्मद्य सरबत होय. रशियांतील ‘क्वास’ राय धान्याच्या पावापासून आंबवितात. त्यांत मद्यार्क अगदीं थोडा, पण असतो. व्हिएतनामांतील हनोई येथें प्रसिद्ध असलेल्या एका कॉफीवरील साय दुधाची नसून फेटलेल्या अंड्याच्या बलकाची असते. नाताळांतल्या ‘एगनॉग’मध्यें अंडें असतें. जपानांत जेवणाबरोबर येणारें ‘मिसो’ सूप सोयाबीनचें दिसलें तरी त्याचें पाणी बहुधा सुकविलेल्या माशाचें असतें. कॅनडांत टोमॅटोच्या रसांत शिंपल्यांतील प्राण्याचा रस मिसळलेलें पेय सर्रास मिळतें. उलट तैवानचा ‘बबल टी’ पाहून दचकावयास नको; त्यांतल्या काळ्या गोळ्या ज्या कंदाच्या पिठाच्या, त्याच कंदाच्या पिठाचा आपला साबुदाणा होय. नम्रपणें विचारणें हाच येथें उत्तम उपाय. यजमानानें प्रेमानें पुढें केलेलें पेय नाकारावें लागलें तर कारण स्पष्ट सांगावें व लगेच गरम चहा मागावा; मागून घेतलेल्या चहानें यजमानाचा मान राहतो.

पुढील परिच्छेद घरांतील तरुणांसाठीं आहे. वडिलांनीं तो वाचला नाहीं असें समजून चालावें. मी स्वतः मद्याचा पुरस्कर्ता नाहीं, पण परदेशीं गेलेला प्रत्येक तरुण आपला सल्ला ऐकेलच असें मानण्याइतका भोळाहि नाहीं. लाओसमधील वांग व्हियेंग या गांवीं नोव्हेंबर २०२४ मध्यें विषारी मद्यानें सहा परदेशी प्रवासी मृत्यु पावले. त्यांत एकोणीस वर्षांच्या दोन मुली होत्या. २०१५ साली मुंबईंत मालवणी येथें असल्याच दारूनें शंभरांहून अधिक बळी घेतले. दोन्हीकडे विष एकच : मिथेनॉल. त्यास निराळा रंग नाहीं, मद्यांत मिसळल्यावर चवीवरून तें ओळखतां येत नाहीं. यकृतांत त्याचें फॉर्मिक आम्ल बनतें, व तें डोळ्यांच्या मज्जातंतूवर आघात करितें. लक्षणें कित्येक तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं दिसतात, त्यामुळें तीं आदल्या रात्रीच्या नशेचीच समजलीं जातात. डोळ्यांपुढें धुकें किंवा पांढरें पडल्यासारखें वाटणें, पोटांत कळ, श्वास जलद होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास झोपून न राहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच. फुकट वाटलेला पेला, सुट्या बरणींतलें घरगुती मद्य व बाजारभावाहून फार स्वस्त बाटली, या तिहींस स्पर्शहि करूं नये.

राहिल्या सासूबाई. त्यांचें भय वरकरणीं निरुपद्रवी वाटतें. परंतु यात्रा-कंपनीच्या मोटारींतून हिंडणाऱ्या वृद्ध स्त्रियांचें सर्वांत मोठें नुकसान मला येथेंच दिसतें. बाहेरचें पाणी नको, शिवाय वाटेंत शौचकूप कोठें मिळेल याचा भरवसा नाहीं, मोटार थांबवा म्हणावयाची लाज वाटते, आणि कांहीं देशांत तेथेंहि पैसे मोजावे लागतात. म्हणून या माउल्या सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढतात. विमानांतील हवा कोरडी, वरून चालणें पुष्कळ. मग चक्कर येते, लघवीस जळजळ लागते, मलावरोध होतो, रक्तदाबाचें औषध घेणाऱ्यांस अधिकच त्रास होतो. हें सर्व त्या कोणासहि सांगत नाहींत. तेव्हां सुनेनें किंवा मुलानें निघण्यापूर्वीं हा विषय संकोच सोडून काढावा. यात्रेच्या व्यवस्थापकास दर दोन-अडीच तासांनीं मोटार थांबविण्याविषयीं आधींच सांगून ठेवावें, सुट्या नाण्यांची पिशवी सासूबाईंच्या हातीं द्यावी, आणि रात्रीं उकळून निवविलेलें पाणी सकाळीं त्यांच्याच बाटलींत भरून द्यावें. आपल्या बाटलींतलें, आपल्या माणसानें उकळलेलें पाणी त्या नाकारणार नाहींत.

इतकी खबरदारी घेऊनहि पोट बिघडलें तर घाबरूं नये, पण पाणी बंद करूं नये. हगवणींत मनुष्य दगावतो तो शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. १९७१ साली बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी पसरली व शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी तोंडानें पाजण्याचा निश्चय केला. शंभरांत सुमारें तीस रोगी मरत होते, तें प्रमाण चारांच्याहि आंत आलें. तोच उपाय आज औषधांच्या दुकानांत पुडींत मिळतो. पुडी नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालून थोडें थोडें पाजीत राहावें. मिठाचें माप मात्र वाढूं देऊं नये. रक्त पडत असेल, ताप चढला असेल, किंवा रोगी बालक, वृद्ध अथवा मधुमेही असेल, तर वैद्य गांठण्यास विलंब लावूं नये.

शेवटीं पेटींत काय ठेवावें तें सांगून हें टांचण पुरें करितों. प्रत्येकी एक रिकामी बाटली, म्हणजे विमानतळावर तपासणी झाल्यावर ती पाण्यानें भरून घेतां येते. एक लहान थर्मास. मीठ-साखरेच्या चार पुड्या. आवडीच्या चहाची डबी. आणि विजेची लहान किटली. किटली घेतांना ती दोन्ही प्रकारच्या दाबावर चालणारी घ्यावी. आपली २३० व्होल्टची किटली अमेरिकेंत १२० व्होल्टवर लावल्यास तिची शक्ति सुमारें चौथाईवर येते, व चहाची वाट पाहतां पाहतां डोळा लागतो. पाण्यास आपल्या भाषेंत ‘जीवन’ असें दुसरें नांव आहे. मामंजींनीं तें पारखून प्यावें, सासूबाईंनीं तें पोटभर प्यावें, आणि उभयतांनीं जग पाहून सुखरूप घरीं यावें.